उष्ण कटिबंधात उष्ण कटिबंध विकणे आहे

वांद्रे साधारण एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि हवाई बेटांची राजधानी होनोलुलू एकवीस अंशांवर. शाळेतल्या भूगोलाचा एवढा हिशोब लावला तरी लक्षात येते की वांद्रे हे होनोलुलूपेक्षा विषुववृत्ताला अधिक जवळ आहे. इथे किनारा आहे, माड आहेत, मे महिन्यातला घाम आहे, जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस आहे. तरीही पाली नाक्यापासून कार्टर रोडपर्यंत आणि हिल रोडच्या मागच्या गल्ल्यांतून जे नवे बार उघडत आले, त्यांतल्या कित्येकांच्या मद्ययादीत ‘ट्रॉपिकल’ नावाचा स्वतंत्र विभाग असतो, आणि तो वाचणाऱ्याने असे समजायचे असते की आपण आता कुठेतरी दूर निघालो आहोत.

पूर्णवेळ ‘टिकी बार’ म्हणावेत असे बार वांद्र्यात फार नाहीत. पण टिकीचा साज मात्र सर्वत्र पोचला आहे. (मराठी कानाला ‘टिकी’ म्हटले की अजून बटाट्याची टिक्कीच आठवते, हे आमच्या भाषेच्या निरोगीपणाचे लक्षण मानावे.) बांबूची भिंत, झावळ्यांचे खोटे छप्पर, कोरीव लाकडी मुखवटे, माणसाच्या डोक्याच्या आकाराचे चिनी मातीचे पेले, अननसाच्या पानांचा तुरा, कागदी छत्री, कधी पेल्यावर पेटवलेली रम, कधी नुसताच सुगंधी धूर. सोबत खाद्यपदार्थांचे ‘प्रयोग’: कोकमाचा फेस, कैरीचे गोठवलेले कण, सोलकढीचे कॉकटेल, ताडगोळ्याचे काप घातलेली जिन, जुहूच्या गोळ्याची आठवण म्हणून काडीवर लावलेला बर्फ आणि त्यावर कालाखट्ट्याऐवजी रम. एका पेल्याची किंमत आठशे-हजाराच्या घरात आणि कर वेगळा. यांतली काही पेये चवीला उत्तम असतात, हेही नोंदवून ठेवतो. चवीबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार ‘ट्रॉपिकल’ या शब्दाबद्दल आहे. कोणताही माणूस स्वतःच्या गावाला उष्ण कटिबंधीय म्हणत नाही. तो त्याला गाव म्हणतो. ‘ट्रॉपिकल’ हा बाहेरून येणाऱ्याचा शब्द आहे. थंड देशातून गलबतात बसून आलेल्या, माड पाहून थक्क झालेल्या आणि परत जाणार असलेल्या माणसाचा. एडवर्ड सईदचे ‘ओरिएंटलिझम’ १९७८ साली आले. आपल्या विभागांतून ते आता नेमाने शिकवले जाते आणि त्यामुळे या प्रकाराला ‘प्राच्यवाद’ असे लेबल लावून मोकळे होण्याचा मोह कोणाही विद्यार्थ्याला होईल. पण ते लेबल इथे अपुरे पडते. सईदच्या मांडणीत पाहणारा तिकडचा आणि पाहिला जाणारा इकडचा असतो. वांद्र्याच्या बारमध्ये दोघे एकाच खुर्चीवर बसलेले आहेत. किनाऱ्यावर राहणारा माणूस स्वतःच्याच किनाऱ्याकडे पर्यटकाच्या नजरेने पाहतो आणि त्या नजरेसाठी पैसे मोजतो. बार विकतो ते मद्य नव्हेच, अंतर. आणि हे अंतर कोणाच्या जिवावर तयार झाले, हा आमचा प्रश्न आहे.

टिकीचा जन्म पॅसिफिकमध्ये झालेला नाही. पॉलिनेशियात ‘टिकी’ ही कोरलेली मानवाकृती. माओरी कथांत तो पहिला मनुष्य. बारचा ‘टिकी’ जन्मला अमेरिकेत. १९३३ साली तिथली दारूबंदी उठली आणि पाठोपाठ हॉलिवूडमध्ये अर्नेस्ट गँट नावाच्या गृहस्थाने बीचकोंबर हा बार काढला. पुढे त्याने स्वतःचे नावच बदलून डॉन बीच असे करून घेतले. ऑकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉन याने १९३४ साली दुकान थाटले; ‘ट्रेडर व्हिक’ म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला, आणि ‘माय ताय’ हे पेय आपण १९४४ मध्ये तयार केले असे तो सांगत असे. मंदीने गांजलेल्या आणि पुढे युद्धातून परतलेल्या अमेरिकन मध्यमवर्गाला हे झावळ्यांखालचे बेट फार आवडले. पडद्यामागे उभे राहून पेये मिसळणारे हात बरेचसे फिलिपिनो होते; पाककृती बाहेर जाऊ नयेत म्हणून डॉन बीचच्या बारमध्ये बाटल्यांवर खरी नावे न लिहिता सांकेतिक खुणा असत, म्हणजे मिसळणाऱ्यालाही आपण काय मिसळतो आहोत ते पूर्ण कळू नये. त्या हातांपैकी एक रे ब्युहेन. त्याने १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला स्वतःचा ‘टिकी-टी’ बार काढला, म्हणून त्याचे नाव तरी राहिले. बाकीच्यांची नावे बाटल्यांसारखीच.

याच दशकांत खऱ्या पॅसिफिकमध्ये काय चालले होते? १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. बिकिनीच्या रहिवाशांना बेट सोडावे लागले. कागदी छत्रीचे बेट आणि अणूच्या छत्रीचे बेट एकाच वेळी, एकाच राष्ट्राच्या कल्पनेत सुखाने नांदत होते. टिकीच्या सजावटीकडे ‘निरागस मौज’ म्हणून पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता जरा आणखी मागे जाऊ, कारण गोष्ट आपल्या किनाऱ्याला येऊन भिडते. टिकी पेयांचा सांगाडा कॅरिबियन बेटांवरच्या ‘प्लँटर्स पंच’चा आहे: आंबट, गोड, कडक, पाणचट आणि वर मसाला. हे ‘पंच’ कुठून आले? इंग्रजीत तो शब्द सतराव्या शतकात, ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांच्या तोंडून येतो आणि पाच घटकांवरून, म्हणजे आपल्या ‘पंच’वरून, तो आला असे दीर्घकाळ मानले गेले आहे. कोशकारांत याबद्दल वाद आहे आणि तो वाद आम्ही इथे मिटवणार नाही. पण पेयाबद्दल फारसा वाद नाही. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात मुंबई सरकारच्या आदेशपुस्तकातली १६९४ सालची एक नोंद दिली आहे. खानावळीत पंच प्यायला येणाऱ्या माणसाला एक क्वार्ट चांगली गोव्याची अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट लिंबाचे पाणी मागून घेण्याचा आणि आपले पंच आपण तयार करण्याचा अधिकार आहे, असा तिचा आशय. म्हणजे आज वांद्र्यात ज्याला बाहेरून आलेली नवलाई म्हणून हजार रुपये पडतात, त्याची पाककृती तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी याच शहराच्या सरकारी दप्तरात ग्राहकाचा हक्क म्हणून नोंदलेली होती. आणि ती गोव्याची अरक कशाची? माडीची. माडाच्या पोयीला चीर देऊन उतरवलेल्या रसाची. इंग्रजी ‘टॉडी’ तर सरळसरळ आपली ताडी आहे. स्कॉटलंडच्या थंडीत गरम पाण्यात व्हिस्की घालून पितात तिलाही तेच नाव गेले.

शब्द गेला, कृती गेली, आणि जगाचा फेरा करून दोन्ही परत आली, तेव्हा आपण त्यांना ओळखले नाही. इतकेच असते तर ही शब्दव्युत्पत्तीची एक गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण ओळख विसरली गेली ती आपोआप नव्हे. ती कायद्याने विसरायला लावलेली आहे.

उत्तर कोकणात, म्हणजे वसई-ठाण्यापासून वांद्रे-माहीमच्या वाड्यांपर्यंत, झाडावर चढून रस उतरवणे हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा होता. ताडापासून ताडी, माडापासून माडी, शिंदीच्या झाडापासून शिंदी, आणि पहाटे उतरवलेली, अजून न आंबलेली नीरा. ही चार नावे आज आमच्या पदव्युत्तर वर्गात विचारली तर ताडी आणि माडी यांतला फरक सांगणारे विद्यार्थी क्वचित निघतात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडाला चीर देण्याचे काम सरकारी परवान्याखाली आणले, झाडागणिक कर बसवला आणि गावोगावच्या लहान भट्ट्या मोडून गाळपाचे काम मोठ्या ठेकेदारांच्या हाती एकवटले. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आणले. झाडावरून आपोआप खाली पडणारे फूल वेचणे हा गुन्हा होऊ शकतो, ही कल्पना कोणा आदिवासीला सुचली नसती. ती महसूल खात्याला सुचली. इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी १९९५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये वसाहतकालीन दारूच्या इतिहासावर लिहिलेला निबंध ज्यांनी वाचला नसेल त्यांनी तो जरूर मिळवून वाचावा. दारू आणि ‘दारूबाजी’ या दोन वेगळ्या गोष्टी कशा आणि दुसरीची चर्चा पुढे करून पहिलीची मालकी कशी हिरावली गेली, हे त्यात नीट दिसते.

स्वातंत्र्यानंतर हे थांबायला हवे होते. झाले ते उलट. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि पुढल्या वर्षापासून संपूर्ण दारूबंदी. त्या काळात वांद्रे-माहीम-धोबीतलावच्या घरांतून गोवेकर आणि ईस्ट इंडियन बायकांनी चालवलेले ‘आंटीचे अड्डे’ आता नव्या बारच्या सजावटीत गोड आठवण म्हणून वापरले जातात. भिंतीवर आंटीचे रंगीत चित्र, हातात बाटली, डोळा मिचकावलेला. त्या बायका पोलिसांच्या हप्त्यांवर आणि धाडींच्या भीतीत घर चालवत होत्या, याचा त्या चित्रात मागमूस नसतो. आणि या सगळ्यातली सर्वांत रसाळ गोष्ट अशी की तो कायदा रद्द झालेला नाही. नाव बदलून ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ झाले एवढेच. आज वांद्र्यात जो बार कायदेशीरपणे चालतो तो दारूबंदीच्या कायद्याखाली मिळालेल्या परवान्यावर चालतो, आणि तिथे बसून पिणाऱ्याजवळही कागदोपत्री पिण्याचा परवाना असावा लागतो. व्यंग्यकाराला हात लावायला जागा ठेवलेली नाही.

याच कायद्याच्या भाषेत मद्याच्या दोन जाती आहेत, देशी आणि विदेशी. जात हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ हा शब्दप्रयोग रोज वापरून आपल्याला त्यातला विनोद दिसेनासा झाला आहे: नाशिकच्या किंवा बारामतीच्या उसाच्या मळीपासून निघालेला मद्यार्क, रंग आणि वास घालून बाटलीत भरला की विदेशी. त्याच मळीचा दुसरा मद्यार्क, दुसऱ्या बाटलीत, देशी. भेद उगमाचा नाही. पिणारा कोण आणि दुकान कुठे, याचा आहे. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडे आणि मोहाची फुले यांपासून होणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्य’ म्हणून वर्गीकृत करण्याचा निर्णय घेतला. हेतू चांगला होता: उत्पादकाला भाव मिळावा, मालाला बाजार मिळावा. पण मोह, ज्याच्याइतके या भूमीचे दुसरे झाड दाखवता येणार नाही, त्याला प्रतिष्ठा मिळण्यासाठी विदेशी व्हावे लागते, याहून आपल्या सांस्कृतिक व्यवहाराचे नेमके वर्णन कोणत्याही समीक्षकाने केलेले नाही. गेली चाळीस वर्षे मराठीत देशीवादावर वाद चालू आहे. नेमाड्यांच्या बाजूने आणि विरोधात चर्चासत्रे झाली, पीएच्.डी. झाल्या. ‘देशी’ या शब्दाला रोजच्या मराठीत दुकानाच्या पाटीवर काय अर्थ आहे, याची दखल त्यांतल्या कितींनी घेतली?

इथे गोव्याचे उदाहरण मुद्दाम द्यायला हवे, कारण ते सोयीचे उत्तर देत नाही. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा-मद्याचा दर्जा दिला. पण काजू गोव्याचा नाही. तो पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. अननसही तिकडचाच, पेरूही, पपईही, आणि ज्या मिरचीवाचून आपले पान हलत नाही ती मिरचीही. वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधला तेव्हा या किनाऱ्यावर अर्धा अमेरिका खंड रुजू लागला होता. त्यामुळे ‘परके ते वाईट’ असा युक्तिवाद आम्हाला करायचा नाही, करता येणारही नाही. परके पचवणे ही या किनाऱ्याची जुनी सवय आहे. रेंदेराने फेणी आपली केली ती झाडावर चढून, भट्टीजवळ बसून, तिला शब्द देऊन. वांद्र्याच्या नव्या बारने काय केले? त्याने आपलेच परके केले. ही उलटी क्रिया आहे आणि तिला ‘फ्युजन’ म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे.

बेटाचेही तसेच. रमचे बेट म्हणजे उसाचे बेट, आणि उसाचे बेट म्हणजे आधी गुलाम आणि गुलामगिरी उठल्यावर गिरमिटिया. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत जे मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात, शाळांतून मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. म्हणजे मराठी माणसाचे ‘ट्रॉपिकल आयलंड’शी नाते फार जुने आहे, फक्त ते झोपाळ्यावर पहुडण्याचे नाही, कोयता धरण्याचे आहे. ज्या पेल्यात मॉरिशसची रम ओतली जाते, त्यात हा इतिहास विरघळलेला आहे. मद्ययादीत तो नसतो, हे ठीक. मद्ययादी म्हणजे काही इतिहासाचे पुस्तक नव्हे. पण तो मराठी साहित्याच्या इतिहासातही नसतो.

आणि इथे आमचा रोख बारमालकांवरून आमच्याच क्षेत्राकडे वळतो. बारमालक व्यापारी आहे. रिकामी जागा दिसली की तो दुकान मांडणार. ती जागा रिकामी कोणी ठेवली? मद्याविषयी मराठी अभिजनांनी जो शब्दसंग्रह घडवला तो जवळजवळ संपूर्णपणे पापाचा आहे. दारू, गुत्ता, व्यसन, अधःपात. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून मराठी प्याला हा सुधाकराचाच प्याला राहिला. गडकरी मोठे नाटककार होते, म्हणून त्यांनी त्याच नाटकात तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ही घातले, पिण्याभोवती सभा, ठराव आणि तत्त्वज्ञान उभारणाऱ्या सुशिक्षितांची ती टवाळी आजच्या कॉकटेल-रसिकांच्या मेळाव्यांना जशीच्या तशी लागू पडेल. पण अभ्यासक्रमात सुधाकर उरतो, तळीराम प्रहसनाच्या खात्यात जातो. दुसऱ्या टोकाला माधव ज्यूलियनांची ‘द्राक्षकन्या’. फार्सीतून, उमर खय्यामच्या हातून आलेले मद्य मराठी कवितेला चालले, कारण ते द्राक्षाचे होते, इराणचे होते, आणि रूपक होते. माडाच्या मडक्यातली माडी रूपक व्हायला कधीच लायक ठरली नाही. अबकारी खात्याने मद्याच्या देशी-विदेशी अशा दोन जाती केल्या त्या मराठी कवितेने फार आधी मान्य केल्या होत्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अपवाद आहेत. भाऊ पाध्ये, ‘चक्र’चे जयवंत दळवी, ‘गोलपिठा’चे ढसाळ, आणि दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतली हातभट्टी, जिथे दारू हे व्यसन तर आहेच, पण रोजगारही आहे, पोलिसांशी रोजचा व्यवहारही आहे. या लेखकांनी दारूला माणसांत आणून बसवले. समीक्षेने त्याला ‘बकालपणाचे चित्रण’ म्हटले आणि विषय संपवला. बकालपणा हा शब्दही एकदा तपासायला हवा. तोच अड्डा, तोच काळोख, तीच मोडकी खुर्ची वांद्र्यात पैसे खर्चून उभी केली की तिला ‘वातावरण’ म्हणतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की हे लेखक दारूचे उदात्तीकरण करीत आहेत. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती स्त्रियांच्या आणि गावांच्या मागणीतून. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान करून ज्या बायकांनी दुकाने बंद पाडली त्यांच्यापुढे ताडी-माडीच्या शब्दसंपत्तीच्या गप्पा मारणे निर्लज्जपणाचे होईल. मान्य. तो लढा खरा आहे आणि त्याने मराठीला दिलेला ‘आडवी बाटली’ हा शब्दप्रयोगही अस्सल आहे. पण हेही पाहा: डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीच्या वर माणसे मेली, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर. मालवणी वांद्र्यापासून लोकलने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. झाडावरून उतरवलेली, त्याच दिवशी विकावी लागणारी, फार तर संध्याकाळपर्यंत टिकणारी माडी जिथे मिळेनाशी होते तिथे गरिबाच्या वाट्याला रसायन येते. ताडीच्या दुकानांतही खरा रस कमी आणि क्लोरल हायड्रेटची भेसळ जास्त, अशी प्रकरणे राज्यात वारंवार उघडकीला आली आहेत. झाडे तोडली, चढणारा माणूस घालवला, धंद्याला हीन ठरवले, आणि रिकाम्या मडक्यात विष आले. या साखळीत दारूबंदीच्या नैतिक भाषेचा वाटा किती, हे विचारणे म्हणजे दारूचे समर्थन नव्हे.

दुसरा आक्षेप नव्या बारच्या बाजूने येतो, आणि तो अधिक हुशार आहे. ते म्हणतील, आम्ही तर हेच करतो आहोत. कोकम, जांभूळ, करवंद, मोह, फेणी यांना आम्हीच प्रतिष्ठा देतो आहोत. तुम्ही नुसते निबंध लिहिता. यात तथ्य नाही असे नाही. पण प्रतिष्ठा मिळते ती कशाला, ते पाहा. मद्ययादीत घटक येतो, माणूस येत नाही. ‘स्थानिक’ हे विशेषण फळाला लागते. ते तोडणाऱ्याला, उतरवणाऱ्याला, गाळणाऱ्याला लागत नाही. वांद्र्याच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नात ‘उंबराचे पाणी’ आणायला बॅण्डच्या तालावर जातात आणि मसाले घालून उकळलेले ‘खिमाड’ प्यायले जाते. हे पेय वांद्र्याचे आहे. ते पिणारी माणसे रणवार, चुईम, पाली, चिंबईच्या गावठाणांत अजून राहतात, आणि जी भाषा बोलतात ती मराठीचीच बोली आहे. १८८७ मध्ये या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले तेही मुख्यतः नोकऱ्यांत आपला दावा सांगण्यासाठी; त्या इंग्रजी नावामुळे मराठी वाचकाला ते परके वाटत राहिले, हा आपला आळस. अशा घराच्या शेजारीच उघडलेल्या बारमध्ये हवाईचा मुखवटा टांगलेला असतो. खिमाड कधीतरी त्या यादीत येईलही. येईल तेव्हा ‘ट्रॉपिकल स्पाइस्ड पंच’ या नावाने येईल, याची आम्हाला जवळजवळ खात्री आहे.

नावावर इतका आग्रह का, असे भाषेच्या प्राध्यापकांना तरी कोणी विचारू नये. चीर देण्याची रीत, मडके बांधण्याची रीत, कोणत्या महिन्यात कोणते झाड ‘लागते’, रस कधी गोड आणि कधी आंबट, चढताना कमरेला काय आणि पायाला काय, या प्रत्येकाला शब्द आहे, आणि तो वसईत एक, सिंधुदुर्गात दुसरा, गोव्यात तिसरा. मोल्सवर्थसारख्या परक्या माणसाने एकोणिसाव्या शतकात अशा व्यवसायशब्दांना कोशात जागा दिली. त्यानंतर आपण काय केले? आमच्या विद्यापीठांतून ‘देशीवाद’ या विषयावर जितके लघुप्रबंध निघाले, त्यांच्या दहाव्या हिश्शाइतकेही भंडारी, रेंदेर किंवा मोह गाळणाऱ्या वारली-कातकऱ्यांच्या शब्दांवर निघाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. चढणारी शेवटची पिढी साठीच्या पुढे आहे. मुले चढत नाहीत, आणि त्यांनी चढावे असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. ते काम जीवघेणे आहे. पण शब्द उतरवून घ्यायला झाडावर चढावे लागत नाही.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी अर्नाळा, केळवे, डहाणू आणि चिंबई ही चार ठिकाणे आम्ही सुचवतो. चारही पश्चिम रेल्वेच्या मार्गावर किंवा जवळ आहेत. अडचण एकच आहे: रस पहाटे उतरवतात, आणि आमच्या महाविद्यालयात क्षेत्रकार्याची हजेरी साडेदहाला, विभागाच्या खोलीत, सही करून लागते.